दंडाची पावती आणि आशाताईंची वही



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘साथीच्या काळातील दैनंदिन खबरदारी आणि नियमांची अंमलबजावणी’. वाचताना एखाद्या परिपत्रकाचं शीर्षक वाचल्यासारखं वाटतं, आणि वकिलाला बोलावलंय म्हटल्यावर कलमांची यादी ऐकावी लागणार अशी धास्ती काहींनी घेतली असेल. थोडी कलमं येतील, नाइलाज आहे. पण मास्क कसा बांधावा, हात किती वेळ धुवावेत, हे मी सांगणार नाही. या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं असताना ते वकिलाकडून ऐकण्याची पाळी तुमच्यावर का यावी? मला एवढंच तपासायचं आहे की कोणी बघत नसतानाही माणूस काळजी घेतो ती कधी, आणि शिपाई समोर उभा असतानाही नियम मोडतो तो कधी.

आपल्या उन्हाळ्यापासून सुरुवात करू. मे महिन्यात वर्ध्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दुपारी बाराला बजाज चौकात उभे राहा. स्कूटीवरच्या मुलीचे फक्त डोळे दिसतात. पानठेल्यावर आलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्या-कानावरून दुपट्टा घट्ट आवळलेला असतो, खिशात कांदा असतो. यासाठी कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याने आदेश काढलेला नाही, कोणाला पाचशेची पावती फाडावी लागलेली नाही. आणि 2020 च्या उन्हाळ्यात त्याच चौकात, त्याच माणसांच्या तोंडावरचं कापड हनुवटीवर लोंबत होतं. ऊन झोंबतं आणि विषाणू दिसत नाही, हे त्याचं सरळ कारण आहे आणि ते खरंही आहे. पण एवढ्याने भागत नाही. दुपट्टा बांधायला आईने शिकवलेलं असतं, ‘पाणी पिऊन निघ’ म्हणत. मास्क सांगितला तो काठीवाल्याने.

मास्कला विदर्भात आणखी एक शत्रू होता, तंबाखू-सुपारीचा खर्रा. ज्याला दर दहा मिनिटांनी थुंकायचं आहे त्याने तोंड झाकून कसं चालेल? सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यावर बंदी आली, पानठेले बंद झाले, आणि खर्रा मागच्या दाराने दुप्पट-तिप्पट भावाने मिळू लागला. ज्या गावात पॅरासिटामॉलची गोळी मिळत नव्हती तिथे खर्रा मिळत होता. आपल्या वितरणव्यवस्थेची ताकद नेमकी कुठे आहे हे तेव्हा कळलं.

आता कायदा. 13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्राने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला तो 4 फेब्रुवारी 1897 चा आहे. मुंबईत आदल्या वर्षी प्लेग आला होता आणि सरकार घाबरलं होतं. हा कायदा एका पानात मावतो. मूळची कलमं चार. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला वाटेल ते उपाय करण्याचा अधिकार. तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात, सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असं संरक्षण. संपला कायदा. आजारी माणसाला अन्न कोण देईल, त्याची मजुरी बुडाली तर काय, त्याला उचलून नेलं तर घरच्यांना कळवायचं कोणी, याबद्दल अवाक्षर नाही. 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि डॉक्टर, नर्स, आशा सेविका यांच्यावर हात उगारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. ही दुरुस्ती हवीच होती. पण रुग्णाच्या बाजूचं पान त्या दुरुस्तीनंतरही कोरंच राहिलं.

असा कायदा हातात आल्यावर काय होतं ते पुण्याने लगेच पाहिलं. रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घराघरांत घातले. त्यांनी बायामाणसांना अंगणात उभं केलं, सामान रस्त्यावर काढलं, देवघरात बूट नेले. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी काय केलं ते शाळेत सगळ्यांना शिकवतात. शाळेत कमी शिकवतात ती गोष्ट अशी की या झडत्यांमुळे लोक आजारी लपवू लागले, मृत्यू लपवू लागले. म्हणजे प्लेग शोधायला निघालेल्या फौजेने प्लेग लपायला जागा करून दिली. मुंबईत मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासायला पथक गेलं आणि विणकऱ्यांची दंगल पेटली. त्यानंतर सरकारने सक्ती सैल केली. माणुसकीपेक्षा हिशेबाने केली असं मला वाटतं, पण केली.

1897 च्या त्याच पुण्यात दुसऱ्या तऱ्हेचीही माणसं होती. टिळक झडत्यांवर तुटून पडत होते, पण शहर सोडून गेले नाहीत, आणि प्लेगच्या रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभं करण्यात पुढे होते. सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात रुग्ण पोहोचवत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. सरकारी पथक रुग्णाला हलवायला आलं की दार बंद व्हायचं, आणि सावित्रीबाईही रुग्णाला हलवतच होत्या. कृती एकच होती. मग दार कोणाला उघडलं गेलं, हा प्रश्न आहे.

वर्ध्याकडे वळतो. 1 मे 2020 रोजी देशाचे लाल, नारिंगी, हिरवे जिल्हे जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रातले सहा जिल्हे हिरवे होते. त्यांत आपण होतो, शिवाय वाशीम, गोंदिया, गडचिरोली, सिंधुदुर्ग आणि उस्मानाबाद. तो आनंद फार टिकला नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आर्वी तालुक्यातल्या एका तांड्यावरची बाई बाधित निघाली. अहवाल आला तेव्हा ती जिवंत नव्हती.

त्या हिरव्या दिवसांत आपण काय केलं? गावांच्या रस्त्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या, आडवे बांबू बांधले, बैलगाडी आडवी लावली. पुण्याहून आलेल्या पोराला सख्ख्या काकाने वेशीबाहेर अडवलं. हातावर विलगीकरणाचा शाईचा शिक्का असलेला माणूस दिसला की लोक रस्ता बदलायचे. शिक्का मारण्यामागचा विचार वाईट नव्हता. पण ज्याच्या हातावर शिक्का तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरू लागला, 42 अंशांत. आमच्या एका पक्षकाराने तर तीन दिवस हातावर लिंबू चोळलं.

मग पोलीस. उठाबशा, कोंबडा, हातात ‘मी मूर्ख आहे’ची पाटी देऊन काढलेले फोटो. यातलं काहीही कोणत्याही कलमात नाही. पोलिसांचीही बाजू आहे. अठरा-अठरा तास चौकात उभं राहायचं, घरी गेल्यावर लेकरांना जवळ घ्यायचं नाही, आणि समोरचा माणूस एकच औषधाची चिठ्ठी आठवडाभर दाखवतोय. चीड येणारच. पण उठाबशा काढणाऱ्याला साथीबद्दल काय कळलं? चौक टाळून गल्लीतून जायचं, एवढंच.

गुन्हे नोंदले गेले ते बहुतेक भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली. इथे वकील म्हणून दोन मिनिटं घेतो. या कलमाखाली पोलीस गुन्हा नोंदवू शकत होते, अटकही करू शकत होते. पण फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 195 सांगतं की ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला त्याने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, स्वतः लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. नुसत्या पोलिसी कागदावर खटला उभा राहत नाही. म्हणजे चौकात जो गुन्हा पर्वताएवढा होता तो कोर्टाच्या दारात बहुतेक वेळा पाय टेकूच शकत नव्हता. शिक्षा तरी काय होती? जिवाला धोका असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. बहुतेक पोरं ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरून मोकळी व्हायला बघायची. त्यातल्या एकाला पोलीस भरती द्यायची होती. कबुली दिली तर चारित्र्य पडताळणीत काय लिहून येईल, हे विचारत तो माझ्या टेबलाशी ताटकळत बसला होता. गुन्हा काय, तर बहिणीकडे दुधाची किटली घेऊन निघाला होता. पुढे 2022 मध्ये राज्य शासनाने अशा गुन्ह्यांतले खटले मागे घेण्याचा निर्णय घेतला तो याच पोरांचा विचार करून. ज्या नियमाचे खटले सरकारलाच मागे घ्यावे लागतात, त्याची अंमलबजावणी झाली म्हणायची की गेली? 1 जुलै 2024 पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत 223 या क्रमांकाने आलं आहे आणि शिक्षा वाढली आहे, एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड. आकडा वाढला. लेखी तक्रारीची अट तशीच आहे.

आर्वीचा एक प्रसंग तेव्हा देशभर गाजला. 5 एप्रिल 2020, रविवार. रात्री नऊ वाजता दिवे लावायचा तो दिवस. तत्कालीन आमदार दादाराव केचे यांचा वाढदिवस होता आणि त्यांच्या घरापुढे धान्यासाठी शेकडो लोक जमले. त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. आपण गर्दी बोलावली नव्हती, विरोधकांनी निरोप पसरवला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वादात मी पडत नाही. बातम्यांमध्ये आमदार होते, मला त्या फोटोंतल्या बाया दिसत होत्या. देशभरच्या टाळेबंदीचा तो बारावा दिवस होता. रोजमजुरी करणाऱ्या घरात बारा दिवस काम नाही आणि कोणीतरी सांगतं की अमुक दारात गहू-तांदूळ मिळतोय. रोग आणि भूक यांत कोणाला आधी उत्तर द्यायचं, हे त्या बायांना कोणी शिकवायची गरज नव्हती. अंतर ठेवून धान्य वाटता येतं. ते वाटण्याची जबाबदारी ज्यांची होती ते आधी पोहोचले असते तर त्या दारात गर्दी झालीच नसती. हिंगणघाट आणि जामच्या चौकातून त्याच दिवसांत हैदराबादेकडून उत्तरेला चालत निघालेली माणसं जात होती. ‘आहात तिथेच थांबा’ हा नियम त्यांनाही माहीत होता.

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण नियम लिहिणाऱ्याला ती दिसत नाही. बाधिताने घरात स्वतंत्र खोलीत राहावं, स्वतंत्र संडास वापरावा, हे तुम्ही शंभरदा ऐकलंय. 2020 च्या एप्रिल-मेमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात स्वतंत्र खोली होती का? होती, पण तिच्यात कापूस होता. कॉटन कॉर्पोरेशनची (सीसीआय) खरेदी टाळेबंदीत थांबली, पुढे सुरू झाली ती टोकन देऊन, दिवसाला मोजक्या गाड्या घेत. तोवर कापूस घरात, छतापर्यंत रचलेला. साठवलेल्या कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते, पोरं रात्रभर खाजवतात. म्हणून माणसं ओसरीत आणि अंगणात झोपत होती, सगळी एका ओळीत. अशा घराला तुम्ही सांगताय की रुग्णाला वेगळी खोली द्या. शेतकरी देणार नाही, आणि ‘दिली’ म्हणून सांगेल. त्या गावात विलगीकरणाचा खरा उपाय जिनिंगच्या फाटकाशी होता. कापूस उचला, खोली मोकळी होते. पण पणन खातं वेगळं आणि आरोग्य खातं वेगळं.

ही गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्या आशाताई. 15 सप्टेंबर 2020 ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, ऑक्टोबरच्या 25 तारखेपर्यंत चालली. पथकाने रोज पन्नास घरं करायची, ताप बघायचा, ऑक्सिजन बघायचा, जुने आजार विचारायचे. ऐकायला सोपं आहे. देवळी तालुक्यातल्या एका गावात मी हे काम बघत बसलो होतो. ऑक्टोबरचं ऊन. शेतातून आलेल्या बाईच्या कपाळावर तापमापकाची बंदूक धरली की आकडा थेट तापाचा. आशाताई हसली आणि म्हणाली, “बसा काकू सावलीत, पाणी प्या, मंग पाहू.” पाच मिनिटांनी आकडा ठीक. नवीन मुलगी असती तर तिने काकूंना तापाच्या रुग्णांत लिहिलं असतं आणि काकू पुन्हा कधी सापडल्या नसत्या. दुसऱ्या घरी ऑक्सिमीटर बोटावर लागेना. वेचणी सुरू झालेली, बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली, त्यावर मेंदी. तिने बोट चोळलं, बदललं, शेवटी तान्ह्या लेकराची टोपी बाजूला करावी तशा हळुवार हाताने करंगळीवर चिमटा लावला. त्र्याण्णव. वहीत लिहिलं. घरच्यांच्या चेहऱ्यावर सरळ भीती.

“तपासलं तं उचलून नेतील जी,” म्हातारी म्हणाली.

आशाताईने उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. “मी नेऊन राह्यली ना आजी. मीच घेऊन येईन.”

त्या आश्वासनाच्या मागे काय होतं? तिने त्या घरातली दोन बाळंतपणं दवाखान्यात नेली होती. दोन्ही वेळा बाई परत आली होती. दंडाच्या पावतीवर फक्त त्या दिवसाची तारीख असते. आशाताईंच्या वहीत त्या घराचे दहा-बारा वर्षांचे दिवस होते. आणि या कामाचा मोबदला? केंद्राने कोविडच्या कामासाठी महिन्याला हजार रुपये जादा दिले. दिवसाचे तेहतीस. मास्क न लावणाऱ्याकडून एका पावतीत आपण त्याहून किती तरी जास्त घेत होतो.

मंडळी, ‘नेऊन परत आणणं’ हा या जिल्ह्याचा जुना अभ्यास आहे. कुष्ठरोगाचा. 1898 चा कुष्ठरुग्णांचा कायदा होता, प्लेगच्या कायद्याचा धाकटा भाऊच. भीक मागून जगणारा कुष्ठरुग्ण दिसला तर त्याला वॉरंटशिवाय पकडून आश्रयगृहात डांबता येई. हा कायदा पुस्तकातून पूर्णपणे गेला तो 2016 मध्ये, म्हणजे रोग गोळ्यांनी बरा व्हायला लागून कित्येक दशकं लोटल्यावर.

कायदा असा असताना 1936 मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम उभं केलं. आणि 1939 मध्ये परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे गाढे पंडित, येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींच्या ओळखीचे, अंगभर जखमा. त्यांना आश्रमात ठेवावं का, हा प्रश्न गांधीजींनी एकट्याने सोडवला नाही. आश्रमवासीयांना विचारलं. लागण होण्याची भीती तेव्हा खरी होती, औषध नव्हतं. तोडगा निघाला तो आजही आश्रमात जाऊन बघता येतो, परचुरे कुटी. इतरांपासून वेगळी पण नजरेच्या टप्प्यात, आणि गांधीजी रोज चालत जाऊन मालीश करतील एवढ्या अंतरावर. पुढे शास्त्रीजी दत्तपूरला राहायला गेले आणि 1945 मध्ये तिथेच वारले. मला या कुटीत अंतराचा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. गांधीजींनी अंतर नाकारलं नाही. भावनेच्या भरात ‘काही होत नाही’ म्हटलं नाही. अंतर ठेवलं, आणि ते ओलांडण्याचं काम स्वतःकडे घेतलं.

त्यातूनच 1951 मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. त्यांची पद्धत तीन कामांची. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि घरच्या घरी औषध. डॅप्सोनच्या गोळ्या रुग्णाच्या गावात नेऊन द्यायच्या. रुग्णाला गावातून काढायचं नाही. परिणाम काय झाला? जो रुग्ण चट्टा लपवत होता तो दाखवायला लागला. 1955 मध्ये देशाचा कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम याच धर्तीवर उभा राहिला. साथीच्या नियमाला मी एकच परीक्षा लावतो, आणि ती मी दत्तपूर-वर्ध्यावरून शिकलो आहे. हा नियम लागू केल्यावर आजारी माणूस दाराबाहेर येईल की कणगीमागे जाईल? कणगीमागे जाणार असेल तर नियम कितीही शास्त्रशुद्ध असो, तो रोगाच्या बाजूने काम करतोय.

आता मी फार गोड बोलायला लागलो आहे अशी शंका तुम्हाला यायला हवी. म्हणून सिंदीची गोष्ट सांगतो. 1935 मध्ये गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. शेजारी सिंदी गाव. रस्त्याच्या कडेला सगळं गाव परसाकडे बसायचं. गांधीजी, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि मंडळी रोज सकाळी बादल्या-फावडी घेऊन मैला उचलायला जायची. आज गेले, उद्या गेले, महिनोन्‌महिने गेले. गावाने काय केलं? बसणं चालू ठेवलं. उचलायला लोक येतातच, तर बदलायचं कशाला? महादेवभाईंनी हे निराशेने नोंदवून ठेवलंय. विनोबांनीही पुढे 1946 पासून पवनारहून सुरगावला रोज फावडं खांद्यावर टाकून जाण्याचा नेम केला, तिथे काही फरक पडला. पण सिंदीचं उदाहरण झाकून ठेवायचं कारण नाही. नुसतं रोज येणं पुरत नाही. सेवा करणाऱ्याने काम स्वतःच उरकून टाकलं की समोरच्याच्या अंगावर काहीच राहत नाही.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने यातून रस्ता काढला असं मला वाटतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी खेड्यांसाठी आरोग्य विम्याची योजना आणली, वर्गणी ज्वारीच्या रूपात. सुगीत पायली-कुडव ऐपतीप्रमाणे द्यायची, ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त. आणि अट अशी की गावातली बहुसंख्य घरं आली तरच गाव घेणार. फुकट काही नाही, आणि एकट्याचं काही नाही. ज्या गावाने डॉक्टरांना ज्वारी मोजून दिली आहे ते गाव डॉक्टरांना जाबही विचारू शकतं आणि त्यांचं ऐकूनही घेतं. साथ आल्यावर असं नातं जोडता येत नाही. ते आधीच जोडलेलं असावं लागतं.

मग पोलीस, दंड, संचारबंदी हे सगळं काढून टाकायचं का? अजिबात नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, यवतमाळबरोबर आपल्याकडे आकडे चढायला लागले आणि जिल्हा प्रशासनाने शनिवारी रात्री 8 ते सोमवारी सकाळी 8 अशी 36 तासांची संचारबंदी लावली. मला ती पटली होती. वेळ स्पष्ट होती, कधी संपणार ते आधीच माहीत होतं, लोकांनी किराणा भरून ठेवला. दंडही हवा, फक्त तो खाली आणि वर सारखाच पडायला हवा. एप्रिल 2021 मध्ये लग्नाला 25 माणसं, दोन तासांत उरका, मोडलं तर पन्नास हजार दंड असा राज्याचा नियम आला. गरिबांनी पहाटेचा मुहूर्त काढून शेतातल्या मांडवात अक्षता टाकल्या. काही मांडवांत गाड्यांची रांग होती आणि त्या गाड्या कोणाच्या होत्या हे नाक्यावरचा शिपाई ओळखत होता. दुचाकीवाल्याची पावती फाडून हात मोकळा झालेला तोच शिपाई. त्या रात्री गावात जी चर्चा झाली तिच्यात विषाणूचा विषयच नव्हता. ‘त्याले चालते, आपल्याले नाही’ हाच विषय होता. एका मांडवाने दहा हजार पावत्यांचा परिणाम धुऊन काढला, असं मी म्हणतो. याला माझ्याकडे आकडेवारी नाही, कोर्टाच्या आवारात तीस वर्षं ऐकलेली माणसं आहेत.

शेवटी एक काम सांगतो, उपदेश नाही. 1918 च्या इन्फ्लुएंझात आपला तेव्हाचा मध्य प्रांत देशात सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी होता. 1921 ची जनगणना ही लोकसंख्या घटल्याची नोंद करणारी भारताची एकमेव जनगणना ठरली. एवढं होऊनही आपल्या गावांत त्या साथीची लिखित आठवण शोधायला गेलं तर हाती काय लागतं? ‘मानमोडी आली होती’ एवढं पणजी सांगायची, बस. कोणी कोणाला भाकरी दिली, कोणी वेशीवर अडवलं, काहीच नाही. 2020-21 चंही तसंच व्हायला लागलंय. ग्रामपंचायतीच्या दप्तरात निर्जंतुकीकरणाच्या फवारणीची बिलं सापडतील. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलेल्या पोरांना डबा कोणाच्या घरून गेला ते सापडणार नाही. काट्या कोणी टाकल्या आणि कोणी उचलल्या, ऑक्सिमीटर कितीचा घेतला, लस घ्यायला नकार देणारी घरं कोणती होती आणि शेवटी कोणाच्या सांगण्यावरून तयार झाली, हे सगळं आज माणसांच्या तोंडी आहे. त्या वेळचे सरपंच, पोलीस पाटील, आशाताई अजून गावातच आहेत. काही आशाताई निवृत्तीला आल्यात आणि त्यांच्या जुन्या वह्या रद्दीत निघतायत.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. एक जाड वही, दोन कॉलेजची पोरं, आणि आशाताईला त्या दोन दिवसांची मजुरी. नावं ठेवायची नाहीत, घटना लिहायच्या. नियम काय होता, कोणी सांगितला, गावाने काय केलं, का केलं. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका, हे वकील म्हणून सांगतो. पहिल्या पाच गावांच्या वह्या आल्या तर त्या नीट लावून, टंकलिखित करून द्यायचं काम माझं.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या ओळीतल्या पोलीस पाटलांनी मघापासून हात वर केला आहे.